युरोपचे साहाय्य, जागतिक आरोग्यनीती आणि खानदेश



जुन्या धुळे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या रांगा ओलांडल्यावर, नर्मदेच्या काठाने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील भिल्ल-पावरांचे पाडे विखुरलेले आहेत. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि ही गावे त्यात गेली. तरी खानदेशाच्या आरोग्याचा विचार करताना त्यांना वगळून चालणार नाही. सरदार सरोवराचे पाणी तुंबल्यापासून यांतील कित्येक पाड्यांचा रस्ता म्हणजे पाणीच होय. २०२० साली करोनाची साथ सुरू झाली आणि माणसे अंगणवाडीकडे येईनाशी झाली, तेव्हा तेथील एक अंगणवाडी सेविका कोळ्याकडून मागून आणलेली होडी स्वतः वल्हवत पाड्यांवर जात राहिली. मुलांची वजने घेणे, गरोदर स्त्रियांची विचारपूस करणे, पोषण आहार पोचविणे ही कामे तिने त्या होडीतून केली. देशभरच्या वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे छापली आणि तिचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. परंतु सरकारी कामावर असलेल्या बाईला होडी मागून का आणावी लागावी, हा साधा प्रश्न त्या कौतुकाच्या गर्दीत कोणी फारसा विचारला नाही.

जागतिक आरोग्याच्या नावाने जिनेव्हा, ब्रुसेल्स, लंडन आणि स्टॉकहोम येथून गेली पन्नास-साठ वर्षे जो पैसा निघाला, त्याचा या होडीशी संबंध काय, असे विचारले तर पुष्कळांना तो अप्रस्तुत प्रश्न वाटेल. वस्तुतः तो अगदी प्रस्तुत आहे, कारण तो पैसा आता आटत चालला आहे. १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के विकाससाहाय्य द्यावे असा ठराव केला. स्वीडन, नेदरलंड्स, नॉर्वे, डेन्मार्क यांनी त्याच दशकात तो पाळून दाखविला. बहुतेकांनी कधीच पाळला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनने आपले साहाय्य २०२७ पर्यंत ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आणि वाचलेला पैसा शस्त्रास्त्रांकडे वळविला. जर्मनी, फ्रान्स, नेदरलंड्स यांनीही हात आखडता घेतला. अमेरिकेने तर आपली साहाय्य-संस्थाच जुलै २०२५ मध्ये मोडीत काढली. एड्स, क्षय व हिवताप यांसाठीच्या जागतिक निधीने त्या वर्षी १८ अब्ज डॉलर मागितले होते; वचने मिळाली ती सुमारे ११ अब्जांची. अशा वेळी स्वयंसेवी संस्थांच्या वर्तुळातून 'आता काय होणार?' असा जो आर्त सूर उमटतो, तो समजण्यासारखा आहे. तथापि हा पैसा होता तेव्हा काय झाले, याचा हिशेब प्रथम मांडला पाहिजे.

तो हिशेब एकरंगी नाही. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावरील औषधोपचाराचे केंद्र निघाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी ते मिळून चालविले. तेथील प्रयोगाने सिद्ध झाले की गरीब रोग्याला आरोग्यधामात महिनोन् महिने निजवून ठेवण्याची गरज नाही. आपल्या झोपडीत राहून नियमित औषध घेतले तरी तो तितकाच बरा होतो. या एका निष्कर्षाने जगाची क्षयरोगनीती बदलली. त्याच दशकात हाफ्डन मालेर नावाचा डॅनिश डॉक्टर भारताच्या क्षयरोग-कार्यक्रमात जवळजवळ दहा वर्षे काम करीत होता. १९७३ साली तोच जागतिक आरोग्य संघटनेचा प्रमुख झाला आणि सप्टेंबर १९७८ मध्ये आल्मा-आताच्या परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा त्याच्याच नेतृत्वाखाली झाली. त्या परिषदेआधी संघटनेने जी उदाहरणे जगापुढे ठेवली, त्यांत अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड होते. रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून तेथे गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन उभे केलेले काम तज्ज्ञांना नवी वाट दाखवून गेले. म्हणजे ज्ञानाचा प्रवाह केवळ युरोपातून इकडे आला असे नाही. तो इकडूनही तिकडे गेला.

आणखी एक गोष्ट समाजवाद्यांनी तरी विसरता कामा नये. आल्मा-आताच्या आधी, २ ऑक्टोबर १९७७ रोजी, जनता सरकारचे आरोग्यमंत्री राजनारायण यांनी गावोगाव आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली. राजनारायण यांच्या विक्षिप्तपणाच्या कथा अजून चवीने सांगितल्या जातात. या योजनेची आठवण मात्र फार थोड्यांना आहे. योजना पुढे रखडली, तिचे नाव बदलले, केंद्र-राज्यांच्या वादात ती खंगली. तरीही ती स्वदेशी अंदाजपत्रकातून निघालेली होती, आणि २००५ नंतरच्या आशा कार्यकर्तीची ती थोरली बहीण होय.

कुष्ठरोगाचे उदाहरण तर महाराष्ट्रातलेच आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी वर्धा जिल्ह्यात स्वीडनच्या साहाय्याने बहुविध औषधोपचार सुरू झाला. एका औषधाने जो रोग वर्षानुवर्षे रेंगाळत असे, तो दोन-तीन औषधांच्या मेळाने ठरावीक मुदतीत बरा होऊ लागला आणि हीच पद्धत पुढे देशभर गेली. स्वीडिश करदात्याच्या पैशाचा याहून चांगला विनियोग सांगता येणे कठीण आहे. पण त्या पैशाने काम केले ते कोणाच्या हातांनी? घरोघर फिरून अंगावरचे चट्टे पाहणाऱ्या, सायकलीवरून गोळ्या पोचविणाऱ्या सरकारी कुष्ठरोग-तंत्रज्ञांच्या हातांनी. डिसेंबर २००५ अखेर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशपातळीवर गाठल्याचे जाहीर झाले. मग त्या कर्मचाऱ्यांना सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन करण्यात आले, शोध मंदावला, आणि महाराष्ट्रात नवे रुग्ण मात्र आजही निघतच आहेत. आकड्याचे उद्दिष्ट गाठले की देणगीदाराचे समाधान होते. रोगाचे समाधान होत नाही.

आता खानदेशात या. १९९० च्या दशकात नाशिक, धुळे व जळगाव या तीन जिल्ह्यांत ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने ग्रामीण पाणीपुरवठ्याचे मोठे काम झाले. त्याला आरोग्याचे काम न म्हणणे हा कोतेपणा होईल. गिरणा-पांझरेच्या खोऱ्यात उन्हाळ्यात बाईच्या डोक्यावरचा हंडा आणि पावसाळ्यात मुलाला लागणारी हगवण यांचा संबंध सांगण्यासाठी डॉक्टर लागत नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केवळ नळ न टाकता गावच्या समित्या, स्त्रियांचा सहभाग आणि स्वच्छतेचे शिक्षण यांवर भर दिला, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. अडचण निराळीच आहे. अनेक गावे एका उद्भवावर जोडणाऱ्या प्रादेशिक योजनांचा राज्यभरचा अनुभव असा की, नळाच्या सुरुवातीच्या गावाला पाणी मिळते आणि शेवटच्या गावाला वाट पाहावी लागते. विजेचे बिल थकते, पंप बंद पडतो, आणि दुरुस्ती कोणी करायची यावर ग्रामपंचायत, जिल्हा परिषद व प्राधिकरण यांची टोलवाटोलवी चालते. बांधकामाला परदेशी पैसा मिळतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते व अहवालात छायाचित्र छापता येते. पंप चालविणाऱ्या माणसाच्या पगाराला कोणत्याही देशाचा राजदूत कोनशिला बसवीत नाही.

शिवाय ज्या थैलीतून हा पाण्याचा पैसा आला, तिच्यातून आणखी काय काय आले हेही पाहावे. १९८६ च्या सुमारास त्याच ब्रिटिश साहाय्यखात्याने सुमारे साडेसहा कोटी पौंड खर्चून २१ वेस्टलँड हेलिकॉप्टरे भारताला 'भेट' दिली. भारताने ती मागितली होती असे म्हणणे अवघड आहे. त्या ब्रिटिश कारखान्याला गिऱ्हाईक हवे होते, हे मात्र उघड आहे. दोन अपघात होऊन माणसे मेली, १९९१ मध्ये ती उडविणे थांबले आणि अखेर जवळजवळ मोडीच्या भावात विकली गेली. कागदोपत्री ही सारी रक्कम भारताच्या गरिबांना दिलेले साहाय्य म्हणूनच नोंदली आहे. तेवढ्या पैशात सातपुड्यात किती उपकेंद्रे उभी राहिली असती, याचे गणित ज्याने त्याने करावे.

दूधभुकटीची कथा थोडी वेगळी. युरोपीय आर्थिक समुदायाच्या गोदामांत शिल्लक साठली होती म्हणून भुकटी आणि लोण्याचे तेल भारताला मिळाले. देणाऱ्याचा हेतू शुद्ध दानाचा नव्हता, आणि १९८० च्या दशकात त्यावर झालेली टीका बरीचशी योग्य होती. परंतु ती फुकट न वाटता, तिच्या विक्रीचा पैसा 'दूध महापूर' योजनेने सहकारी दूधसंघांच्या उभारणीत घातला. घेणाऱ्यापाशी स्वतःची योजना आणि संघटना असेल तर दुसऱ्याच्या शिल्लक मालाचेही भांडवल होते. नसेल तर उत्तम हेतूने दिलेल्या औषधाचीही मुदत गोदामात संपते.

हे सारे चालू असताना दिल्लीने काय केले? मे १९९८ च्या अणुस्फोटांनंतर स्वीडनने विकास-सहकार्याचा करार रद्द केला. २००३ मध्ये भारत सरकारनेच लहान देणगीदार देशांचे सरकारी साहाय्य घेणे बंद करण्याचे ठरविले. भारत आता घेणारा नसून देणारा देश आहे, असा तो अभिमानाचा क्षण होता. २०१२ साली ब्रिटनने २०१५ पर्यंत आर्थिक साहाय्य संपविण्याचे जाहीर केले, आणि २०१४ पासून युरोपीय संघानेही भारताला द्विपक्षीय अनुदानाच्या यादीतून वगळले. स्वाभिमान ही मोठी गोष्ट आहे. मात्र बाहेरचा हात सोडताना घरचा हात पुढे करावा लागतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ च्या सरकारी आरोग्य-लेख्यांत, म्हणजे साथीच्या वर्षातसुद्धा, तो १.८४ टक्केच होता. देशातील एकूण आरोग्यखर्चाचा जवळजवळ ४० टक्के भाग त्या वर्षी लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. धुळ्याच्या खाजगी दवाखान्यात बिल भरण्यासाठी जमीन गहाण टाकणारा शिरपूरचा शेतमजूर हा या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा सर्वांत मोठा देणगीदार आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

सरकारी साहाय्य असे आटले, तसा युरोपातला उरलासुरला पैसा स्वयंसेवी संस्थांच्या वाटेने येऊ लागला, आणि येथे नागरी संघटनांचा खरा प्रश्न सुरू होतो. परकीय देणग्यांवरील नियंत्रणाचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते आणि 'परकीय हात' हा सत्ताधाऱ्यांचा परवलीचा शब्द होता. १९८४ मध्ये प्रकाश करात यांनी परदेशी पैशावर चालणाऱ्या कृतिगटांना साम्राज्यवादी व्यूहाचा भाग ठरविणारा लेख लिहिला, तेव्हा डाव्या चळवळीतही मोठा वाद माजला. सरसकट सर्वांना एकाच मापाने मोजणारे ते निदान अन्यायाचे होते. पण त्यातला एक अंश खोटा नव्हता. ज्याचे वेतन प्रकल्पातून येते तो कार्यकर्ता प्रकल्पाच्या मुदतीने विचार करू लागतो, मोर्च्याऐवजी कार्यशाळा घेऊ लागतो, आणि त्याची जबाबदारी पाड्यापेक्षा अहवाल वाचणाऱ्याकडे झुकते.

पण सरकारने या रोगावर जे औषध दिले, ते रोगापेक्षा भयंकर ठरले. २०१० साली जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला आणि २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. सर्व परकीय देणग्या दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेत जमा करणे सक्तीचे केले. आणि एका संस्थेने दुसरीला पैसा देण्यास संपूर्ण बंदी घातली. या शेवटच्या कलमाचा घाव कोणावर बसला? पुण्या-मुंबईच्या, इंग्रजीत अहवाल लिहिणाऱ्या मोठ्या संस्था तगल्या. त्यांच्यामार्फत थोडा पैसा मिळवून कुपोषित मुलांचे काम करणाऱ्या धडगाव-तळोद्यासारख्या ठिकाणच्या लहान गटांचा तो मार्ग बुजला. आणि राजकीय पक्षांचे काय? मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय जनता पक्ष व काँग्रेस या दोघांनीही परकीय देणग्यांचा कायदा मोडल्याचा निर्णय दिला, तेव्हा २०१६ आणि २०१८ च्या वित्त-विधेयकांतून कायद्याची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने, थेट १९७६ पासून, बदलण्यात आली. चाळीस वर्षांमागचे पाप असे एका ओळीत धुऊन निघाले. होडीतून आहार नेणाऱ्यांना मात्र दिल्लीच्या शाखेत खाते उघडावे लागते.

मग युरोपकडून मागायचे तरी काय? येथे औषधांचा प्रश्न येतो, आणि तो अनुदानाच्या प्रश्नाहून मोठा आहे. २००८ च्या अखेरीस व २००९ मध्ये भारतातून दक्षिण अमेरिका व आफ्रिकेकडे जाणारी स्वस्त औषधे नेदरलंड्सच्या जकात अधिकाऱ्यांनी वाटेतच अडविली. ती औषधे नेदरलंड्समध्ये विकायची नव्हती, ती केवळ तेथून पुढे जात होती. तरीही युरोपातील पेटंटचा आधार घेऊन ती जप्त झाली. त्यांत नायजेरियाला निघालेले एड्सवरील औषध होते, आणि त्याची किंमत मोजली होती ती फ्रान्स, नॉर्वे, ब्रिटन आदी देशांनी स्थापन केलेल्या युनिटएड या संस्थेने. एका युरोपीय हाताने विकत घेतलेले औषध दुसऱ्या युरोपीय हाताने विमानतळावर काढून घेतले! मे २०१० मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि पुढच्या वर्षी युरोपीय संघाला माघार घेणे भाग पडले. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत व दक्षिण आफ्रिका यांनी करोनाच्या लशी-औषधांपुरते पेटंटचे बंधन शिथिल करण्याची मागणी केली, तेव्हाही युरोपीय संघाने दीड वर्षाहून अधिक काळ ती अडवून धरली. जून २०२२ मध्ये जे हाती आले ते फार थोडे आणि फार उशिरा.

जागतिक आरोग्य संघटनेची स्थितीही अशीच करून ठेवली आहे. सदस्य देशांची ठरलेली वर्गणी १९८० च्या दशकात गोठविण्यात आली. त्यामुळे तिच्या अंदाजपत्रकाचा चार-पंचमांशांच्या आसपास भाग ऐच्छिक देणग्यांवर, बहुतांशी देणगीदाराने आधीच ठरवून दिलेल्या कामांवर, अवलंबून राहिला. मालेर यांची 'सर्वांसाठी आरोग्य' ही कल्पना वादात हरली नाही. तिला पैसा न देऊन हरविण्यात आले. वर्गणीचा वाटा टप्प्याटप्प्याने निम्म्यावर नेण्याचे २०२२ मध्ये ठरले आहे. त्याला पाठिंबा देणे हे युरोपातील समाजवादी पक्षांचे काम आहे, आणि त्यांना तसे बजावणे हे येथल्या पक्षाचे.

असे बजावता येते, याचा पुरावा नर्मदेच्या काठावरच आहे. १९८५ साली जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. महाराष्ट्रातली ३३ गावे त्या पाण्याखाली जाणार होती, त्यांत मणिबेली पहिले. या गावांनी लढा मांडला, तेव्हा युरोप, अमेरिका व जपानमधील संघटनांनी आपापल्या सरकारांवर दडपण आणले. जपानने हात काढून घेतला, बँकेला मोर्स यांची स्वतंत्र चौकशी नेमावी लागली आणि मार्च १९९३ मध्ये उरलेल्या कर्जावर पाणी सोडावे लागले. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा अशी जी जागतिक घोषणा निघाली, तिला मणिबेलीचे नाव देण्यात आले. युरोपच्या मित्रांनी तेव्हा येथे मुख्यतः पैसा पाठविला नव्हता. ते आपल्या घरी आपल्या सरकारशी भांडले होते. धरण पुढे झालेच, हे खरे. परंतु सहकार्य म्हणजे काय याचा तो धडा कोणत्याही प्रकल्पापेक्षा मोलाचा आहे.

घरचा धडाही खानदेशातच सापडतो. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती जमीन, मजुरी आणि सालदारांच्या प्रश्नांवर. थोड्याच काळात भिल्ल स्त्रियांनी दारूची मडकी फोडायला सुरुवात केली. त्या आंदोलनाला आरोग्यप्रकल्प असे नाव कोणी दिले नाही आणि त्यासाठी कोणत्याही जागतिक संस्थेची मंजुरी लागली नाही. पण अंगावरचे वळ आणि चुलीवरचे रिकामे भांडे या दोन्हींवर तो उपचारच होता. पुढे २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावातल्या समितीने उपकेंद्र उघडे असते की नाही, परिचारिका येते की नाही, औषधे मिळतात की बाहेरून आणायला लावतात, याच्या नोंदी करायच्या आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर त्या वाचून दाखवायच्या. निरक्षर पावरा बाईने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला सर्वांदेखत जाब विचारावा, ही गोष्ट कोणत्याही अहवालात नीट मावणारी नाही. विशेष म्हणजे हा पैसा ब्रुसेल्सचा नव्हता. तो सरकारच्याच अंदाजपत्रकातला, म्हणजे सामान्य करदात्यांचा होता. सरकारी पैसा घेऊन सरकारवर नजर ठेवण्यात धोका आहेच, आणि अनुदान रेंगाळवून तोंड बंद करण्याची कला मंत्रालयाला चांगली अवगत आहे. तरीही त्या पैशावर हक्क सांगता येतो. परदेशी देणगीवर तो कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून खानदेशातील कार्यकर्त्यांपुढे आज जे काम आहे, ते नवा देणगीदार शोधण्याचे नाही. नियमाप्रमाणे आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असले पाहिजे. चोपडा, यावल, साक्री, शिरपूर या तालुक्यांत ते कागदावर किती, इमारतीत किती आणि माणसांसह किती, याची मोजणी ग्रामसभांनी स्वतः करावयाची आहे. आदिवासी उपयोजनेतील आरोग्याचा पैसा मार्चअखेर कोठे वळला, हे जिल्हा नियोजन समितीत विचारावयाचे आहे. आशा आणि अंगणवाडी सेविका यांना मानधनावर न ठेवता कर्मचारी म्हणून वेतन मिळावे, हा त्यांच्या संघटनांचा लढा आरोग्याच्याच आघाडीवरचा मानून त्यात उतरावयाचे आहे. आणि नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी होडी, तिचे इंधन आणि ती चालविणाऱ्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षाखाली मंजूर आहे, हा प्रश्न नंदुरबारच्या जिल्हा परिषदेच्या पुढच्या सभेत मांडावयाचा आहे.